वॉर्निश मारलं की धूळ गायब! वेदरिंग पावडरचं बिनसतं कुठे?

लक्षण सांगतो, तुमच्याशी जुळतंय का बघा. रेल्वेच्या डब्याचं किंवा रणगाड्याचं छोटं मॉडेल रंगवून झालंय, डेकल्स म्हणजे अक्षरं-चिन्हांचे चिकटचित्रांचे तुकडे बसलेत. मग दोन-तीन संध्याकाळी खपून तुम्ही बारीक ब्रशने वेदरिंग पावडर, म्हणजे मॉडेल वापरलेलं, धुळकट दिसावं म्हणून लावायची रंगीत पूड, लावता. कडेकपारीत धूळ अशी बसते की मॉडेल टेबलावर नाही, यार्डात उभं आहे असं वाटावं. आता हाताळताना ती निघू नये म्हणून वरून मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, वॉर्निशचा स्प्रे मारता. अर्ध्या तासाने बघता तर डबा नुकताच धुऊन पुसून आणल्यासारखा. सगळी फिकट धूळ गेलेली, कोपऱ्यात उरलेत ते मळकट डाग.

मग आपण सगळेच जे करतो ते तुम्हीही करता. पुन्हा पावडर, पुन्हा वॉर्निश. पुन्हा गायब. तिसऱ्या खेपेला पावडर भरमसाठ लावता, ती दिसते खरी, पण धूळ म्हणून नाही, भिंतीला आलेल्या पोपड्यासारखी.

माझ्या तीन वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, अशा गेल्या. १:८७ मधल्या, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढ्या, बॉक्स-एन जातीच्या उघड्या वाघिणी होत्या, लांबी जेमतेम बारा सेंटीमीटर. होस्पेट-बळ्ळारीकडून लोहखनिज भरून कॅसलरॉक, दूधसागर करत घाट उतरून मुरगावकडे जाणारी मालगाडी मला करायची होती. त्या गाड्या ज्यांनी कुळे स्टेशनात बघितल्यात त्यांना तो रंग माहीत आहे. मूळ रंग कुठला ते ओळखूच येत नाही, अख्खी गाडी काव फासल्यासारखी. मी कावेच्या रंगाची पावडर फासली, वॉर्निश मारलं आणि हातात आल्या तीन स्वच्छ तपकिरी वाघिणी. दोष आधी वॉर्निशला दिला, मग पावडरीला, मग हवेला. तिघांचाही थोडाथोडा हात होता, पण मुख्य चूक माझ्या समजुतीत होती. मला वाटत होतं पावडर उडून जाते. बहुतेक वेळा ती उडत नाही. ती तिथेच असते, फक्त दिसत नाही.

आधी निदान

उपाय शोधण्याआधी आजार कुठला ते ठरवा, कारण ‘पावडर गायब’ या एका तक्रारीमागे तीन वेगळे घोटाळे असतात आणि तिघांचे उपाय एकमेकांना चालत नाहीत.

पहिला, पावडर मुळात चिकटलीच नव्हती. नुसती बसली होती. रबरी ब्लोअरने हलकी फुंकर मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा एक थेंब पडला तरी डाग पडतो. हवेने धुरळा उठला तर पावडरीला खाली धरायला काही नाही.

दुसरा, स्प्रेच्या झोताने ती उडवली. हे तपासायला मॉडेलखाली आणि मागे पांढरा कागद ठेवून स्प्रे करा. कागदावर लालसर झाक उमटली तर झोत जोराचा किंवा फार जवळून आहे.

तिसरा, पावडर जागेवर आहे पण वॉर्निशने ती पारदर्शक केली. याची चाचणी मला सगळ्यात आवडते कारण ती मॉडेल न बिघडवता करता येते. पावडर लावलेल्या जागी बारीक ब्रशने टर्पेंटाइनचा एक थेंब सोडा. थेंब पसरला की तिथली धूळ नाहीशी होईल आणि खालचा रंग लख्ख दिसेल. आता काही न करता थांबा. थेंब वाळला की धूळ परत येईल. आली, म्हणजे ती कुठे गेलीच नव्हती.

माझ्या वाघिणींवर तिन्ही चाचण्या केल्या. कागद जवळजवळ कोरा राहिला, फुंकरीने थोडीशी उडाली आणि थेंबाखाली मात्र फिकट धूळ सगळीच दिसेनाशी झाली. पुढचं सगळं त्या थेंबातून सुटलं.

ओली माती गडद का दिसते

पहिल्या पावसात अंगण कसं एकदम गडद होतं ते आठवा. मातीचा रंग बदललेला नसतो. कोरड्या मातीत कणाकणांच्या मध्ये हवा असते. प्रकाश हवेतून कणात आणि कणातून हवेत जाताना दर वेळी वाकतो, विखुरतो आणि त्यातला बराचसा आपल्या डोळ्याकडे परत येतो, म्हणून माती फिकी दिसते. फटीत पाणी शिरलं की हवा आणि कण यांच्यातला फरक कमी होतो, प्रकाश कमी विखुरतो आणि आत आत जाऊन शोषला जातो.

हा फरक मोजायचं माप म्हणजे अपवर्तनांक. हवेचा १, वॉर्निशचा साधारण १.५, खडूचा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा १.६ च्या आसपास. हवेत खडू पांढराशुभ्र दिसतो कारण १ आणि १.६ मध्ये अंतर आहे. वॉर्निशमध्ये बुडाला की १.५ आणि १.६, म्हणजे जवळजवळ सारखेच. खडू काचेसारखा होतो. मातीतल्या बऱ्याच खनिजांचंही असंच. याउलट टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक २.७ च्या घरात आणि हेमॅटाइटचा, म्हणजे लाल लोहभस्माचा, तीनच्या आसपास. हे दोघे वॉर्निशमध्येही आपला रंग राखून असतात, हेमॅटाइट फक्त जरा गडद होतो.

आता कोडं सुटलं. फिकट धूळ, वाळू, सिमेंट, सुकलेला चिखल हे रंग बनवताना पावडरीत खडू किंवा पांढरी माती भरपूर असते, म्हणून तेच आधी गायब होतात. गंज आणि काजळी टिकते. तुम्ही वॉर्निशनंतर ‘कोपऱ्यात मळकट डाग उरले’ म्हणता ना, ते उरलेलं लोहभस्म आहे. त्याच्यासोबत आलेला खडू पारदर्शक झालाय.

टर्पेंटाइनचा अपवर्तनांकही वॉर्निशच्या जवळ आहे. म्हणून थेंब ओला असताना जो रंग दिसतो तोच साधारण वॉर्निशनंतर दिसणार. मॅट वॉर्निशच्या खरखरीत पृष्ठभागामुळे किंचित फिका दिसेल, पण फार नाही. डबीतल्या कोरड्या रंगावरून पावडर निवडणं मी त्या दिवसापासून सोडलं. नवी डबी आणली की प्लास्टिकच्या पट्टीवर मॉडेलचाच रंग मारतो, पावडरीचे चौकोन करतो आणि प्रत्येकाचा अर्धा भाग वॉर्निश करतो. पट्टीच्या मागे डबीचं नाव. अशा सातआठ पट्ट्या दोऱ्यात ओवून टेबलाच्या कडेला टांगल्यात, साडीच्या दुकानातल्या रंगांच्या नमुन्यांसारख्या.

डबीत नेमकं काय असतं

बाजारातल्या पावडरी ढोबळमानाने तीन जातीच्या. एक, सुटी रंगद्रव्यं. व्हॅलेहो, एके, अम्मो यांच्या छोट्या बाटल्या या जातीतल्या. रंग तीव्र, कण बारीक, पण चिकटपणा स्वतःचा नाही. त्यांना खालून खरखरीत थर आणि वरून काहीतरी बांधणारं लागतं. दोन, ज्यांच्यात चिकटपणा आधीच घातलाय अशा, ब्रॅगडनसारख्या. या ब्रशने जरा दाबून घासल्या की बसतात. तीन, टामियाचं वेदरिंग मास्टर. ही पावडर नाहीच म्हणा, मेकअपच्या डबीतल्या वडीसारखी तेलकट वडी असते. ‘ए’ संचात वाळू, फिकी वाळू आणि चिखल, ‘बी’मध्ये बर्फ, काजळी आणि गंज. नवशिक्याने पहिली खरेदी करायची तर ‘बी’ संच घ्यावा असं माझं मत. काजळी आणि गंज कुठल्याही गाडीला लागतातच आणि ते वॉर्निशखाली टिकतात. ‘ए’ संचाच्या वाळूने मात्र सुरुवातीलाच नाउमेद व्हाल.

चित्रकलेच्या दुकानातले सॉफ्ट पेस्टल पॉलिश पेपरवर घासून पावडर करणारे पुष्कळ आहेत. स्वस्त पडतं, रंग हवे तेवढे मिळतात. पण पेस्टलच्या कांडीत बहुधा खडू भरपूर असतो, म्हणजे गायब होण्याची तक्रार तिथेच सर्वात जास्त. आणि ऑइल पेस्टल चुकूनही आणू नका, ते मेणासारखं लिंपतं.

आता घरचा माल. गेरू आणि काव म्हणजे हेमॅटाइटवाली माती. लोहखनिजाची धूळ म्हणजेही बहुतांश हेमॅटाइटच. म्हणजे तुळशीवृंदावनाला लावायला आणलेला गेरू हा माझ्या वाघिणींसाठी नुसता ‘चालेल असा’ पर्याय नव्हता, खऱ्या गाडीवर बसते तीच वस्तू होती. पिवडी कोरड्या रस्त्याच्या धुळीला उत्तम. कोळसा काजळीला. मात्र गेरू कोरडा खड्याचा घ्या. डबीत भिजवून मिळतो त्यात आधीच डिंक किंवा तत्सम काहीतरी मिसळलेलं असतं.

रांगोळी वापरू नका. मी वापरून बघितली. प्रश्न रंगाचा नाही, कणाचा आहे. १:८७ च्या जगात ०.१ मिलिमीटरचा कण म्हणजे खऱ्या मापात ८.७ मिलिमीटरचा खडा. चिमटीत खरखरणारी कुठलीही भुकटी त्या मापात धूळ नसते, खडी असते. १:३५ च्या रणगाड्यावर तोच कण साडेतीन मिलिमीटर होतो, तिथे चिखलात खपून जाईल. रेल्वेवाल्यांना ती चैन नाही.

म्हणून घरचा गेरू वस्त्रगाळ करावा लागतो आणि नुसतं वस्त्रगाळ करूनही भागत नाही. खलात कुटून मलमलीतून गाळलेली पूड काचेच्या ग्लासात भरपूर पाण्यात ढवळा. अर्धा मिनिट थांबा. जाड कण तळाशी जातील. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या ग्लासात अलगद ओता आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी काढून टाका, तळाचा गाळ बशीत वाळवा, पुन्हा खला. जो निघतो तो गालावर लावायच्या पावडरीसारखा मऊ असतो. रंगवाले शेकडो वर्षं रंगाची माती अशीच निथळून घेत आलेत, यात माझं काही नाही. अंगणातली माती घेणार असाल तर आधी तव्यावर चांगली भाजा, म्हणजे तिच्यातलं काडीकचऱ्याचं काही पुढे कुजणार नाही. मातीत अभ्रक असेल तर सोडून द्या. ते चमकतं आणि मॉडेलवर ती चमक बांगडीच्या टिकल्यांसारखी डोळ्यात जाते.

एक काळजी सगळ्यांसाठी. कुटताना, चाळताना, लावताना एन-९५ मास्क घाला आणि पंखा बंद ठेवा. अंबर नावाच्या तपकिरी रंगात मँगनीज असतं आणि कुठलीही इतकी बारीक धूळ फुप्फुसात बरी नव्हे. खलबत्ता स्वयंपाकघरातला घेऊ नका. घेतलात तर पुढचं घरात ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

खालचा थर

चकचकीत रंगावर पावडर लावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. कणांना अडकायला खाचा लागतात. मॅट वॉर्निशमध्ये सिलिकासारखे बारीक कण असतात, तेच पृष्ठभाग खरखरीत करतात आणि त्याच खरखरीत पावडर बसते. म्हणजे मॅट वॉर्निशची खरी जागा पावडरीच्या खाली आहे, वर नाही. डेकल्स बसवायला ग्लॉस, म्हणजे चकचकीत वॉर्निश, मारला असेल तर त्यावर मॅट, मग पूर्ण एक दिवस थांबा, मगच पावडर. घाई केली आणि वॉर्निश ओलसर राहिलं तर पावडर पहिल्या स्पर्शाला गिळली जाते आणि तिथे कायमचा गडद ठिपका पडतो.

मॅट कॅन नीट हलवा. आतली गोळी वाजायला लागली की लोक थांबतात. वाजायला लागल्यावर पूर्ण दोन मिनिटं हलवायचंय. मॅट करणारे कण तळाशी बसलेले असतात. ते वर आले नाहीत तर मॅटच्या कॅनमधून अर्धवट ग्लॉस बाहेर येतो.

बसवायची कशी

इथे आधी एक प्रश्न विचारा, या मॉडेलला हात लागणार आहे का? काचेच्या कपाटात राहणाऱ्या रणगाड्याचं उत्तर वेगळं आणि दर रविवारी रुळावर चढणाऱ्या वाघिणीचं वेगळं. मी इतकी वर्षं दोघांना एकच औषध देत होतो.

हात लागणार नसेल तर वॉर्निश विसरा. कोरडी पावडर मऊ ब्रशने टेकवत जा, घासू नका. मनासारखी झाली की टर्पेंटाइनने भरलेला ब्रश पावडरीच्या कडेला, पावडर नसलेल्या जागी टेकवा. थेंब केशाकर्षणाने आपणच आत धावतो. ब्रश पावडरीवर फिरवलात तर ती चिखलासारखी सरकते आणि ब्रशचे फराटे उमटतात. नंतर रात्रभर हात लावू नका. हेअर ड्रायर नको, एक तर पावडर उडेल, दुसरं म्हणजे टर्पेंटाइनची वाफ पेट घेते. खिडकी उघडी आणि जवळ उदबत्तीसुद्धा नको. टर्पेंटाइन उडून गेलं की कण एकमेकांत आणि खालच्या खाचांत घट्ट बसलेले असतात. हा डिंक नव्हे, बोट घासलं तर निघेल, पण कपाटातल्या मॉडेलला एवढं पुरतं आणि रंग कोरडाच राहतो. जास्त पकड हवी तर तयार पिगमेंट फिक्सर मिळतो, त्यात थोडी राळ असते. तेवढ्याच प्रमाणात रंग गडद होतो.

टर्पेंटाइन की आयसोप्रोपिल अल्कोहोल, हे खालच्या रंगावर ठरतं. ॲक्रिलिक रंग असेल तर टर्पेंटाइन. अल्कोहोल बऱ्याच ॲक्रिलिकना मऊ करतं, टामियाचे तर त्यानेच पातळ करतात. खाली इनॅमल, म्हणजे तेली रंग, असेल आणि तो नीट मुरलेला नसेल तर उलट, टर्पेंटाइन त्याला सोडवेल.

वाळल्यावर पांढुरकी कड दिसली, बशीवर चहाच्या कपाचं वर्तुळ राहतं तशी, तर घाबरू नका. थेंब कडेने आधी वाळतो आणि कण तिकडे ओढून नेतो. पुढच्या वेळी एक अख्खं पॅनेल, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत, एकदमच ओलं करा म्हणजे कड शिवणीत लपते. आधीच पडलेली कड टर्पेंटाइनने जेमतेम ओलसर केलेल्या ब्रशने बाहेरच्या बाजूला पुसट करता येते.

हात लागणार असेल तर काम दोन थरांत करा. रुळावर चढणाऱ्या वाघिणींसाठी हाच माझा अखेरचा उपाय. खालचा थर म्हणजे पावडर पाण्याने पातळ केलेल्या ॲक्रिलिक मॅट वॉर्निशमध्ये थेट कालवून वॉशसारखी, म्हणजे पातळ रंगासारखी, लावायची. ती पहिल्यापासूनच वॉर्निशमध्ये बुडालेली आहे, म्हणून वाळल्यावर दिसेल तो रंग कायमचा. तो हवा तेवढा फिका नसेल तर टायटॅनियम व्हाइट ॲक्रिलिकचा एक ठिपका त्यात टाका. खडूची पांढरी नको, ती पुन्हा काच होईल. हा थर वाळला की वरून एक हलका मॅट स्प्रे, कारण यातलं आता काही गायब होणार नाही. मग शेवटचा, अगदी विरळ कोरडा थर. तोही फक्त जिथे बोटं जात नाहीत तिथे, म्हणजे वाघिणीच्या उभ्या पट्ट्यांच्या पायथ्याशी, बोगीच्या (इथे चाकांच्या सांगाड्याच्या) स्प्रिंगांमध्ये, दारांच्या बिजागरीखाली. या थरावर वॉर्निश नाही. दोन वर्षांत थोडा झडला तर परत दहा मिनिटांचं काम आहे.

खनिजाच्या वाघिणीत माल काठोकाठ भरू नका. लोहखनिज इतकं जड की वजनाची मर्यादा आधी गाठली जाते आणि वाघीण बरीच रिकामी राहते. म्हणून आतल्या भिंतींचा वरचा भाग उघडा दिसतो आणि त्यावरही लाल धूळ लागतेच. कोळशाची वाघीण मात्र भरलेली दिसते. पावडर कितीही सुरेख बसली आणि खनिज काठापर्यंत आलं तर जाणकाराचं लक्ष आधी तिथेच जाईल.

स्प्रे करायचाच असेल तर हातभर लांबून, नुसतं धुकं पडेल असा. पहिला थर दिसतासुद्धा कामा नये. तो वाळला की दुसरा. कॅनचं बटण मॉडेलवर दाबू नका, बाजूला हवेत दाबून मग झोत मॉडेलवरून न्या आणि पलीकडे जाऊन सोडा. पहिल्या दाबाला जो ठसका निघतो तोच पावडर उडवतो.

जून ते सप्टेंबर

आपल्याकडची ही खास भानगड. पावसाळ्यात लॅकरचा, म्हणजे झपाट्याने उडणाऱ्या द्रावकातल्या वॉर्निशचा, स्प्रे मारला की मॉडेलवर पांढरं धुकं धरतं. काही जण याला चक्क धूळ समजून खूश होतात. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड करतो, तो दवबिंदूच्या खाली गेला की हवेतली वाफ त्यावर जमते आणि वॉर्निशमध्ये अडकते. मुंबईत आणि कोकणात जुलैत हे जवळजवळ ठरलेलंच. पुण्यात एखादा कोरडा दिवस सापडतो, तो स्प्रेसाठी राखून ठेवावा. दुपारी मारा, सकाळी नको. कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवलात तर फवारा बारीक पडतो. कोमट म्हणजे हाताला सोसेल एवढंच. गॅसजवळ तर नेऊच नका.

धुकं धरलंच असेल तर खरवडू नका. कोरड्या दिवशी त्याच लॅकरचा एक ओलसर थर मारला की पुष्कळदा खालचा थर मऊ होऊन अडकलेली वाफ सुटते आणि मॉडेल स्वच्छ होतं.

पावडरीच्या डब्यांत गुठळ्या होतात त्याचं कारणही हेच. बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून हवाबंद डब्यात ठेवा.

आधीच बिघडलं असेल तर

नुसतं फिकं पडलेलं मॉडेल म्हणजे खरं तर अर्धं काम झालेलं मॉडेल. खाली लोहभस्माचा गडद थर पक्का बसलाय, वर मॅट वॉर्निश आहे. पुन्हा वॉर्निश करू नका, एवढंच. त्यावर दोन छटा फिकी पावडर विरळ लावा, टर्पेंटाइनने बसवा आणि हात मागे घ्या. माझ्या पहिल्या दोन वाघिणी अशाच वाचल्या आणि सुरुवातीपासून नीट केल्या असत्या त्यापेक्षा बऱ्या दिसतात, कारण खऱ्या गाडीवरही जुनी मुरलेली धूळ आणि कालची ताजी धूळ वेगवेगळीच दिसते.

बोटांचे ठसे उमटले असतील, गडद आणि तुकतुकीत, तर ती त्वचेच्या तेलाची करामत. तेलही वॉर्निशसारखंच फटी भरतं. पावडर वर थापून ठसा झाकला जात नाही, नवी पावडरही तेल पिते. इअरबड अल्कोहोलमध्ये अगदी किंचित ओला करून ठसा टिपा, मॅट वॉर्निशचा एक पातळ थर ब्रशने लावा, मग पावडर. अल्कोहोल आधी मॉडेलच्या पोटाकडे कुठेतरी लावून बघा, रंग उतरत नाही ना. पुढच्या वेळी मॉडेल लाकडी ठोकळ्यावर दुहेरी टेपने चिकटवा आणि ठोकळा धरा.

पोपडा धरलेली तिसरी वाघीण वाचली नाही. रंग उतरवून पुन्हा सुरुवात करावी असं दोनदा मनात आलं. त्याऐवजी तिची चाकं काढली, एका बाजूच्या पत्र्याला भोक पाडलं आणि साइडिंगच्या, म्हणजे बाजूच्या आडरुळाच्या, टोकाला गवतात टेकवून ठेवली. बघायला येणारे नेमके तिचेच फोटो काढतात.

रेल्वेवाल्यांसाठी अजून दोन गोष्टी, कारण यावरून रात्रभर गाडी का चालत नाही म्हणून मोटर उघडणारे मला माहीत आहेत. काही काळ्या पावडरींत काळं लोहभस्म, म्हणजे मॅग्नेटाइट असतं आणि ते चुंबकाला धावत जाऊन चिकटतं. इंजिनाच्या मोटरीत चुंबक आहे. बाटलीबाहेर चुंबक धरून पावडर हलते का बघा. हलली तर ती इंजिनाच्या जवळही नको, तिथे साधी काजळी वापरा. आणि पावडरीचं काम झाल्यावर इंजिनाच्या आणि वाघिणींच्या प्रत्येक चाकाचा रुळाला टेकणारा भाग अल्कोहोल लावलेल्या इअरबडने पुसा. बड काळा यायचा थांबेपर्यंत पुसा, मगच गाडी रुळावर चढवा.